गवराआक्कांची सही

गवराआक्का दोन वर्षं एका कंपनीच्या डायरेक्टर होत्या आणि ही गोष्ट त्यांना कुणी सांगितलीच नव्हती. असं कसं होईल, असं वाचणाऱ्याला वाटेल. न व्हायला काय झालं? आपल्याकडे घरातल्या बाईच्या नावावर काय काय आहे हे तिला सोडून सगळ्या गावाला माहीत असतं. मला स्वतःला ते नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, आणि मी तर परका माणूस.

एकोणीसशे अठ्ठावन्न साली मी लातूरकडून चिंचवडला आलो, तो टायपिंगची परीक्षा आणि एक पत्र्याची पेटी एवढ्या भांडवलावर. अर्जुनराव काळोखे यांच्या लोखंडी कारखान्यात मला नोकरी लागली. कारखाना म्हणजे रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर दोन शेड, ओतकामाची एक भट्टी आणि चार लेथ. तिथे ऊस गाळायचे चरक बनत. बैल थकेल पण आपला चरक थकणार नाही, असं अर्जुनराव गिऱ्हाइकाला सांगत आणि ते खोटं नव्हतं. अर्जुनराव शेतकऱ्याच्या घरातले, पण लोखंडाची जाण जन्मजात. माणूस वाईट नव्हता, घाईचा होता. जेवण घाईत, बोलणं घाईत, आणि कागदपत्रं तर इतक्या घाईत की मी टाइप केलेला कागद मशीनमधून पुरता बाहेर यायच्या आत त्यावर सही झालेली असायची.

कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून त्यांच्या थोरल्या बहिणीचा गोठा होता. याच गवराआक्का. उंच, काटक, आणि आवाज असा की गोठ्यातून हाक मारली तर लेथ चालू असतानाही मिस्त्री मान वर करायचे. त्यांचं सासर चाकणकडचं. नवरा मालोजी ऐन तिशीत पटकीच्या साथीत गेला, तेव्हा दिरानं सांगितलं की तू माहेरी जा, म्हशी इथेच राहतील. म्हशी आक्कांना माहेरहून मिळालेल्या होत्या. आक्कांनी वाद घातला नाही. पहाटे दोन्ही म्हशी सोडल्या आणि मोशी, भोसरी करत त्यांना हाकत चिंचवडला आणल्या. दीर पाठोपाठ आला तेव्हा त्या धार काढत बसल्या होत्या. "आलासा? बसा, दूध घ्या," म्हणाल्या. दीर दूध पिऊन, तोंड पुसून परत गेला आणि पुन्हा कधी त्यानं म्हशींचा विषय काढला नाही.

मी आलो तेव्हा दोनाच्या आठ म्हशी झाल्या होत्या आणि आक्कांचं दूध पिंपरी कॅम्पात जात होतं. सिंधमधून घरदार सोडून आलेल्या माणसांनी तिथे नवी दुकानं थाटली होती. एक मिठाईवाला रोज न चुकता म्हणायचा, "माई, आज पानी जादा है." आक्का रोज न चुकता उत्तर द्यायच्या, "पानी चाहिये तो नदीपे जा, मेरे पास कायकू आता?" दोघांचंही यात एक पैशाचं नुकसान नव्हतं आणि दोघांचाही दिवस बरा जायचा. मला त्या 'टकटक्या' म्हणत. टाइपरायटरचा आवाज भिंतीपलीकडे गेल्यानं त्यांच्या एका म्हशीनं पान्हा चोरला, असा त्यांचा माझ्यावर कायमचा आरोप होता.

आता डायरेक्टरचं सांगतो. मी यायच्या दोन वर्षं आधी अर्जुनरावांनी कारखान्याची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली. कायद्याप्रमाणे दोन डायरेक्टर हवेत. एक ते स्वतः. दुसरं नाव बायकोचं घातलं तर आईला राग येणार, आईचं घातलं तर बायकोला, आणि धाकट्या भावाचं घातलं तर तो खरंच कामात डोकं घालणार. म्हणून घातलं आक्कांचं. विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं त्यात काय आहे असं त्यांना मनापासून वाटत होतं. आणि नाव आलं की सही आली. तीही अर्जुनरावच करत. आक्का मराठी चौथीपर्यंत शिकलेल्या, सही करता येत होती, पण गोठ्यापर्यंत कोण जाणार? अर्जुनरावांनी त्यांच्या नावाची एक सही बसवली होती, सुरुवातीला मोठा 'ग' आणि पुढे शेपटासारखी लांब रेघ. बँकेत तीच, ठरावांवर तीच. घरचीच बाई, घरचीच कंपनी, मग चोरी कसली, असा हिशेब.

हा हिशेब मी आलो त्याच वर्षी आमच्या गळ्याशी आला. चरकाला गिऱ्हाईकच उरलं नव्हतं. गुऱ्हाळवाल्यांना आता इंजिनावर चालणारे चरक हवे होते आणि आमचे बैलाचे चरक शेडमध्ये ओळीनं गंजत उभे होते. आठवड्याला लागणारी भट्टी महिन्यावर गेली. अशात मुंबईच्या एका निर्यात दलालानं ऑर्डर आणली, थेट आफ्रिकेतल्या मोंबासाची. तिकडच्या एका गुजराती व्यापाऱ्याला बैलावर चालणारेच चरक पाहिजे होते आणि पहिला माल चांगला निघाला तर आणखी घेणार होता. अर्जुनरावांनी ओतशाळेच्या यशवंतराव मिस्त्रींना बाजूला घेऊन सांगितलं, "ही ऑर्डर गेली तर दिवाळीनंतर भट्टी बंद. पोरांना दुसरीकडं बघायला सांगा." पोरं म्हणजे कुणी बीडची, कुणी कोकणातली, बिऱ्हाडं मांडून बसलेली. आणि एक पोरगा मीही.

अट एकच होती. तिकडे माल सोडवायला आणि विकायला त्या व्यापाऱ्याच्या नावानं कंपनीचं मुखत्यारपत्र हवं होतं, सोबत कंपनीचा ठराव हवा होता, आणि हे सगळं नोटरीचा शिक्का मारून आलं पाहिजे. परदेशातल्या माणसानं चिंचवडच्या कागदावर विश्वास ठेवायचा तर मध्ये सरकारनं नेमलेला एक माणूस पाहिजेच. बोट शनिवारी सुटणार होती. कागद त्या बोटीनं गेले नाहीत तर ऑर्डर कलकत्त्याच्या एका कारखान्याला द्यायची, असं दलालानं कळवलं होतं.

बुधवारी अर्जुनराव मला घेऊन पुण्यात दौलतराव वकिलांकडे गेले. दौलतराव नुकतेच नोटरी झालेले. नव्या शिक्क्याचं यंत्र त्यांनी टेबलावर असं ठेवलं होतं की पक्षकाराला आधी तेच दिसावं. अर्जुनरावांनी कागद पुढे केले, दोन्ही सह्यांसकट. वकीलसाहेबांनी सह्या पाहिल्या आणि चष्मा काढला.

"सह्या झाल्यात?"

"झाल्या की. तुमचा वेळ वाचावा म्हणून घरीच करून आणल्या."

"काळोखे, माझं काम एवढंच आहे की सही करताना मी माणसाला पाहिलं, हे लिहून द्यायचं. तुम्ही तेच वाचवलंत." त्यांनी कागद परत सरकवले. "नवे करून आणा. दोन्ही डायरेक्टर समोर हवेत. हा जुना ठराव ठेवून जा, उद्या बाईंची सही याच्याशी ताडून पाहीन."

जिना उतरताना अर्जुनरावांच्या कपाळावर घाम होता. हा माणूस भट्टीपुढेही इतका घामेजत नसे.

घरी आल्यावर ते तडक गोठ्यात गेले. मला सोबत नेलं, बहुधा आक्का परक्यासमोर कमी ओरडतील या आशेनं. आशा फुकट गेली. अर्जुनरावांनी कंपनी, डायरेक्टर, मोंबासा असं सगळं एका दमात सांगितलं आणि मग खिशातून एक कोरा कागद काढून त्यावर ती शेपटाची सही करून दाखवली. "आक्का, एवढी गिरवून ठेव. उद्या अशीच कर. आणि जुन्या कागदावरची तुझीच का, असं वकिलानं विचारलं तर फक्त व्हय म्हण."

आक्कांनी कागद हातात घेतला, उजेडाकडे धरला.

"ही माझी सही?"

"व्हय."

"म्हंजी माझी सही तू करतुयास आन् ती मी तुझ्याकडनं शिकू?"

मी म्हशीकडे पाहत राहिलो.

"दोन वर्सं? दोन वर्सं मी कंपनीची मालकीण हाय आन् रोज सकाळी तुझ्या दारात दूध घालतीय, तवा तुला एकदा सांगावं वाटलं न्हाई? चाकणला दीर म्हशी ठिवून घ्यायला निघाला तवा त्यो निदान तोंडावर बोलला. तू तर न बोलताच माझं नाव घिऊन बसलास!" आवाज चढत चढत गेला आणि भिंतीपलीकडचे लेथ एकेक करून बंद पडले. सगळा कारखाना ऐकत होता. मग आक्का एकदम थांबल्या आणि खरंच रडल्या. मोठ्यानं नाही, पण रडल्या. त्यांना रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं आणि मला अर्जुनरावांचा असा संताप आला की नोकरी नसती तर बोललो असतो.

"आक्का, भट्टी विझंल गं," अर्जुनराव खालच्या आवाजात म्हणाले. "पोरं कुठं जातील?"

आक्कांनी पदरानं डोळे पुसले. "उद्या येते मी पुण्याला. पर काय बोलायचं ते माझं मी बगीन."

त्या रात्री कुणाला झोप लागली असेल असं मला वाटत नाही. आक्का 'व्हय' म्हणाल्या तरी नव्या कागदावरची सही जुन्याशी जुळणार नव्हती. 'न्हाई' म्हणाल्या तर अर्जुनराव खोट्या सहीच्या प्रकरणात अडकणार होते. दोन्हीकडून बोट हातची जात होती.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या ट्रकनं निघालो. पुढे ड्रायव्हर बन्सी, आक्का आणि अर्जुनराव, मागे मी आणि दुरुस्तीला न्यायचं एक दातेरी चाक. आक्कांनी ठेवणीतलं हिरवट इरकली लुगडं नेसलं होतं. दापोडीच्या पुलापर्यंत त्या भावाशी एक शब्द बोलल्या नाहीत. बन्सीनं नंतर सांगितलं की पुलानंतर बोलल्या, पण त्याच्याशी, आणि तेही गिअर कसा बदलतात याबद्दल.

वकीलसाहेबांनी आक्कांना खुर्ची दिली. नाव विचारलं. मग जुना ठराव पुढे ठेवला.

"बाई, ही सही तुमची का?"

अर्जुनराव जमिनीकडे पाहू लागले. मी दाराकडे.

"न्हाई," आक्का म्हणाल्या. "माझ्या भावानं केलीय."

वकीलसाहेबांनी अर्जुनरावांकडे पाहिलं. "याचा अर्थ कळतो का तुम्हाला, काळोखे? ही खोटी सही आहे. यात तुरुंगवास होऊ शकतो."

"त्याला कळतुया," आक्का मध्येच म्हणाल्या. "काल राती जेवला न्हाई त्यो. वकीलसाहेब, नाव माझं वापरलं, राग माझा हाय, आन् त्यो मी काढलाय. घरी आनखी काढीन. पर त्या शेडमदी माणसं हायती, त्यांनी कुणाची सही केली न्हाई. मी खोटं बोलून शिक्का मागत न्हाई. खरं बोलून काय करता येतं, ते तुमी सांगा."

दौलतराव वकिलांनी ठराव उलटसुलट करून पाहिला. नियमाचा माणूस होता तो, आणि नियमाच्या माणसाला खरं बोलणारं कुणी भेटलं की तो आधी गोंधळतो. शेवटी म्हणाले, "मागच्या कागदांचं तुम्ही कंपनीच्या वकिलाला आणि बँकेला सांगून निस्तरा, बाई. ते सांगितल्याशिवाय सुटका नाही. हा ठराव मी साक्षांकित करणार नाही. पण मुखत्यारपत्राला नवा ठराव चालेल. त्याला डायरेक्टरांची सभा लागते. कंपनीचे डायरेक्टर किती?"

"दोन," मी म्हणालो.

"दोघंही इथे आहेत. सभा घ्या. खरी सभा. नुसता कागद नको. माझ्या व्हरांड्यात बाक आहे."

अशी आमच्या कंपनीच्या इतिहासातली पहिली खरी सभा दौलतराव वकिलांच्या व्हरांड्यात भरली. एका टोकाला आक्का, दुसऱ्या टोकाला अर्जुनराव, मध्ये मी वही घेऊन. समोर वकिलाकडे आलेले दोन शेतकरी बांधाच्या भांडणासाठी बसले होते, ते भांडण विसरून आमच्याकडे पाहत राहिले.

अर्जुनरावांनी सवयीनं मला मजकूर सांगायला सुरुवात केली, "ज्योतीराम, लिही, सर्वानुमते असं ठरलं की..."

"थांब," आक्का म्हणाल्या. "अजून कुटं ठरलंय? आदी मला इचार."

अर्जुनराव बाकावर आक्कांकडे वळून बसले. मग त्यांनी विचारलं, अगदी लहान भावानं विचारावं तसं, आणि सगळं समजावून सांगितलं. चरक किती जाणार, कुठल्या मापाचे, तिकडचा व्यापारी कोण, त्याला आपल्या नावानं काय काय करता येईल, माल परत आला तर कुणाच्या गळ्यात. आक्कांनी एकेक गोष्ट ऐकून घेतली. व्यापाऱ्याला एवढा हक्क दिला आणि तो उलटला तर, असं विचारलं. अर्जुनरावांनी कबूल केलं की तो धोका आहे, आणि दलालाच्या ओळखीवर विसंबून आपण तो घेतोय. इतकं सावकाश बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आपल्याच कारखान्याचं त्यांना स्वतःलाही काही नव्यानं कळत होतं असं वाटलं.

सगळं संपल्यावर आक्का म्हणाल्या, "आन् मी न्हाई म्हणलं तर?"

मला वाटलं आता अर्जुनराव हात जोडतील, आईची आण घालतील, पोरांच्या बिऱ्हाडांची आठवण देतील. बांधावरून भांडणाऱ्या दोघांपैकी एकजण बाकावरून पुढे झुकला. अर्जुनरावांनी बहिणीकडे पाहिलं.

"तर कागद जाणार न्हाई, आक्का," ते म्हणाले. "तुझी सही मी पुन्हा करणार न्हाई."

"मग व्हय," आक्का म्हणाल्या. "लिही रं टकटक्या."

मी वकिलांच्या कारकुनाच्या मशीनवर ठराव आणि मुखत्यारपत्र नव्यानं टाइप केलं. घाईघाईत पहिला कागद फुकट गेला. मग दोघं आत टेबलापाशी उभे राहिले. अर्जुनरावांनी पहिली सही केली, नेहमीसारखी झपाट्यानं. आक्कांनी पेन घेतलं, वाकून, जीभ दातांत धरून, एकेक अक्षर ओढत पूर्ण नाव लिहिलं: गवराबाई मालोजी वाळुंज. प्रत्येक प्रतीवर तसंच, पूर्ण. वकीलसाहेबांनी घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही. त्यांनी खाली इंग्रजीत मजकूर लिहिला, लाल कागदाची गोल चिकटी लावली आणि शिक्क्याचं यंत्र दाबलं. कर्र असा आवाज झाला.

"काय लिवलंय त्ये?" आक्कांनी मला विचारलं.

मी मराठीत वाचून दाखवलं. "कंपनीच्या डायरेक्टर श्रीमती गवराबाई मालोजी वाळुंज आज स्वतः माझ्यापुढे हजर झाल्या आणि त्यांनी स्वतःच्या हातानं ही सही केली."

"पुन्यांदा वाच."

मी पुन्हा वाचलं. आक्कांनी मान हलवली, पदर खांद्यावर नीट घेतला आणि व्हरांड्यात येऊन त्या दोन शेतकऱ्यांना म्हणाल्या, "आत जावा आता. साहेब चांगलं हायती." सांगतो, मला त्या क्षणी एवढा आनंद झाला की परतीच्या वाटेवर ट्रकच्या मागे मी दुरुस्तीला टाकायचं राहिलेल्या त्या दातेरी चाकाला टेकून मोठमोठ्यानं गात आलो.

शुक्रवारी बन्सी कागद घेऊन मुंबईला गेला आणि शनिवारच्या बोटीनं ते निघाले. पुढच्या आठवड्यात आक्का स्वतः बँकेत जाऊन आपली खरी सही देऊन आल्या. मॅनेजरनं अर्जुनरावांना जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. जुने ठराव एकेक करून वकिलाच्या सल्ल्यानं नव्यानं झाले आणि त्या प्रत्येकाची सभा गोठ्यात झाली, कारण धारेच्या वेळेला आक्का दुसरीकडे जायला तयार नसत. अर्जुनराव उपडी बादली घेऊन बसत आणि वाट पाहत.

शेडमध्ये उभे असलेले चरक गेले. पण कागद तिकडे चालतील का, व्यापारी माल सोडवेल का, काही कळायला मार्ग नव्हता. दिवाळी झाली. भट्टी थंड होती. यशवंतराव मिस्त्री साच्यांची वाळू उगीच चाळत बसायचे आणि पोरं चहाच्या दुकानात दुसऱ्या कारखान्यांची नावं घेऊ लागली होती.

मग एका दुपारी पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन आला. वर मोंबासाचा शिक्का. अर्जुनराव उधारी मागायला आळंदीकडे गेले होते.

"मालकांची सही लागंल," पोस्टमन म्हणाला. "उद्या येऊ का?"

"उद्या कशाला?" आक्का शेणानं भरलेले हात धूत होत्या. "हिकडं आण."

पोस्टमननं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "डायरेक्टर आहेत त्या."

पूर्ण नावाची सही व्हायला वेळ लागला. पोस्टमन एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिला. मी पाकीट फोडलं आणि वाचलं. माल सुटला होता. बहुतेक चरक विकले गेले होते. तितकेच आणखी हवे होते, आणि मुखत्यारपत्र बिनचूक होतं असंही खाली लिहिलेलं होतं. मी आक्कांना सगळं सांगितलं.

आक्कांनी हात लुगड्याला पुसले आणि भिंतीतल्या खिंडारातून कारखान्यात गेल्या. मी मागोमाग. लेथवाले थांबले. त्या सरळ ओतशाळेच्या दारात उभ्या राहिल्या.

"यशवंतराव, भट्टी लावा."

मिस्त्रींनी हातातली चाळणी खाली ठेवली. मालक कुठे आहेत, हे त्यांनी विचारलं नाही. माझ्याकडेही पाहिलं नाही. "लावतो, आक्का," म्हणाले आणि कोळसा आणायला पोरांना हाका मारत आत गेले.